तरवडाच्या फुलांवरचा पहारा

ती. मालनआत्याच्या पायांवर शिवराजचं डोकं.

तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला? मी हैदराबादेत खुशाल आहे (जेवणात तिखट सोडून काही नसतं). फोनच करणार होतो, पण तू फोन मोठ्या आवाजात लावून अंगणात ठेवतेस, आणि ही गोष्ट अंगणात ठेवण्यासारखी नाही.

तू फोनवर म्हणालीस ना, इथल्या बरकतपुऱ्याच्या हणमंतरावांनी कळवलंय, की तुमच्या भाच्याला बायको आणि दोन पोरं आहेत, आमची योगिनी कशी द्यायची? आत्या, ते साफ खोटं आहे. म्हणजे सांगितलं मीच, पण खोटं आहे.

झालं असं. होळीपासून आमच्या हायवेच्या कडेनं तरवड पिवळाधमक फुललाय (इथं त्याला तंगेडू म्हणतात). कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. माझं काम गवत कापायचं. पण सुपरवायझर भगवंतराव म्हणाले, "मशीन ठेव. मोठे साहेब बघायला येणारेत. फुलाला कुणी हात लावला नाही पाहिजे, आणि विचारलं तर आपण लावलीत म्हणायचं." मला तिथंच शंका आली. आपोआप उगवलेल्याला पहारा कशाला? आणि भानगड निघाली की धरणार कुणाला? पहारेवाल्याला.

रविवारी एक गाडी थांबली. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उतरले आणि पिशवीत फुलं भरायला लागले. म्हणाले, साखरेच्या आजारावर काढा करतो. मी ओळखलं, पुरावा गोळा करतोय. मग "क्यों मियां, शिवराज तुमीच क्या?" करत एकदम मराठीवर आले. (इथं अनोळखी माणूस आपणहून मराठी बोलला की समजायचं, याला आपली सगळी माहिती आहे.) कायम नोकरी आहे का? राहतोस कुठं? पितोस का? शेवटी हळूच, "लग्न?" आता लेकराबाळांच्या माणसाला कामावरून काढताना कुणीही कचरतं. म्हणून म्हणालो, "झालंय साब, दोन पोरं आहेत." त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं चौकशी संपली. संपलीच म्हण.

मला काय माहीत, मुलाची चौकशी करायला माणसं न सांगता हायवेवर येतात! तू तरी आधी सांगायचंस. आता तूच त्यांना फोन कर आणि माझं लग्न झालेलं नाही हे शपथेवर सांग.

तुझाच,
शिवराज

ता. क. योगिनीचा फोटो लगेच पाठव. बाकी सगळं मागाहून.

आणखी एक. तुझा फोन यायच्या आदल्या दिवशी स्कूटीवरून एक मुलगी आली होती. माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "पोरं कशी आहेत?" मी म्हणालो, "थोरल्याला ताप आहे." तिनं पोरांसाठी बिस्किटाचा पुडा दिला आणि तोंडाला ओढणी लावून हसत गेली. पुडा मी खाल्ला. पण आत्या, तेव्हापासून मला संशय येतोय.