जाजमदार

३ जानेवारी

आज पाप केलं. मस्त वाटलं!

शब्दकोशाच्या पुरवणीत माझ्या डोक्यातला एक शब्द सरकवला. पलीकडच्या गल्लीतला प्रकाशक आमचा कोश जसाच्या तसा उचलून स्वतःच्या नावावर छापतो. त्याच्याकडे हा शब्द दिसला की चोर मुद्देमालासकट हाती! कार्ड असं — 'जाजमदार : जुन्या नगरसभेचा प्रमुख. सभेचे जाजम अंथरायला हा सगळ्यांच्या आधी येई, गुंडाळायला सगळ्यांच्या नंतर जाई. मधल्या वेळात निर्णयही हाच घेऊ लागला. त्यावरून.'

ते शेवटचं 'त्यावरून' काय शोभतंय!

सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून महिनाभर कार्डांवर सही माझी. एरवी आमचे हे मुख्य संपादक पुराव्याशिवाय 'मीठ'सुद्धा कोशात घेत नाहीत. चाळीस वर्षं एकच पालुपद — "पुरावा कुठाय?"

११ जून

पुरवणी बाजारात. आता गळ टाकून बसायचं.

२ सप्टेंबर

भलताच मासा लागला! नगरसभेच्या नव्या पदाला 'प्रमुख' म्हणायचं की 'अध्यक्ष', यावरून दोन पक्षांत महिनाभर हमरीतुमरी चालली होती. काल कुणीतरी आमची पुरवणी उघडली. "अस्सल जुना शब्द!" एकमताने मंजूर. दारावर पितळी पाटीसुद्धा लागली — 'जाजमदार'. हसून हसून पोट दुखलं. नवरा म्हणाला, "नोकरी घालवशील." तरी मी हसतेच आहे.

९ सप्टेंबर

हसू गेलं. कुणा निवृत्त मास्तरांनी नगरसभेला पत्र धाडलं — शब्द बनावट आहे! चौकशी समिती बसली. सरांना परवा पुराव्यासह बोलावलंय. आमचा कोश नगरसभेच्याच अनुदानावर चालतो, त्यामुळे ज्याने शब्द घुसडला त्याला कामावरून काढणार म्हणे.

१० सप्टेंबर

सरांना सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी चष्मा पुसून कार्ड वाचलं. मग म्हणाले, "व्युत्पत्ती मात्र झकास जमलीय." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

उद्या समितीपुढे मीच कबूल करणार. जाईल नोकरी तर जाऊ दे. सरांच्या नावाला बट्टा नको.

११ सप्टेंबर

मी बोलायला उठले, तर सरांनी हात धरून खाली बसवलं. समितीला म्हणाले, "हा शब्द मी लहानपणी माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलाय." समितीने लिहून घेतलं. प्रकरण बंद.

सर अनाथाश्रमात वाढले.