रिकाम्या रस्त्यावरचा सिग्नल

धुळे, बुधवार

प्रिय मोहिनी,

तुझे चार फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही. उचलला असता तर तू हर्षालीचं विचारलं असतंस आणि मी नेहमीसारखं "बघते" म्हटलं असतं. म्हणून लिहायला बसले. हे पत्र आधी तू एकटीनं वाच. हर्षालीच्या हाती लगेच देऊ नकोस.

तुझं म्हणणं मी विसरलेली नाही. तुझी पोर यंदा आठवीत जाणार, शाळा चार किलोमीटरवर, आणि तुझे सासरे झुलालआबा सांगून बसलेत, "सरकारनी सायकल दिधी ते जाऊ दिसूत, नही ते घर ऱ्हाऊ दे." मी दिवाळीत पाठवलेली सायकल तुझ्या नवऱ्यानं दोंडाईच्याच्या बाजारात विकली. सरकारी सायकल विकायची त्याची छाती होणार नाही, हे तू बरोबर ओळखलंस. त्या सायकलींची यादी माझ्या टेबलावरून पुढे जाते, हेही तुला ठाऊक आहे. "तुना हातमा शे वं चारू," तू म्हणालीस. गेले दोन महिने भाकरी थापतानासुद्धा मला ते ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात मी मुंबईला गेले होते. ऑफिसचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. बरोबर जळगावची जिनल होती. तिच्या वडिलांचं सराफ बाजारात दुकान आहे, पण पोरगी नोकरी करते आणि दिवसभर हसते. तिनं रविवारी सकाळी सायकलवरून मुंबई बघायची दोन तिकिटं काढली होती. तिचा चुलतभाऊ पुनीत झोपून राहिला, म्हणून मला ओढून नेलं. तिथे सायकली तेच देतात, डोक्याला टोपडं देतात, आणि एक गाइड पुढे राहून इमारती दाखवत नेतो. आम्ही आठजण होतो. दोघं परदेशी, एक जोडपं बंगळुरूचं, दोन कॉलेजच्या मुली. साडेसहा वाजलेले, दुकानं बंद, रस्ते धुतल्यासारखे मोकळे.

गाइड निघाला भुसावळचा. हितेंद्र त्याचं नाव, रेल्वे कॉलनीत वाढलेला. परदेशी माणसांशी फाडफाड इंग्रजी बोलत होता. मी एरंडोलकडची म्हटल्यावर एकदम वळून म्हणाला, "मंग आधी सांगतीस ना वं बहीण, तुले चहा पाजला असता!" निघण्याआधी त्याची एक पद्धत होती. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, नाव सांगायचं आणि सायकल कुणी शिकवली ते सांगायचं. कुणाला आजोबांनी, कुणाला मोठ्या भावानं. बंगळुरूच्या बाईला म्हणे ड्रायव्हरनं. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, वडिलांनी.

मोहिनी, आमच्या नानांनी जन्मात सायकलला हात लावला नाही. दूधवाल्याच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला तू आधी शिकलीस आणि मग मला शिकवलंस, नदीकाठच्या बाभळींच्या वाटेवर. "पायडल मार, मी धरेल शे," असं ओरडत तू मागून पळायचीस आणि कधीचं सोडून दिलेलं असायचं. हे सगळं मला त्या गोलात उभं असताना आठवत होतं. तुझं नाव घेतलं की जिनल विचारणार, ती आता काय करते. म्हणून नाही घेतलं.

फेरी कशी होती म्हणशील तर मला फार सांगता येणार नाही. हितेंद्र दगडी कमानी दाखवत होता, घड्याळाचा मनोरा, गोल बागेभोवतीच्या एकसारख्या इमारती. मी पूर्णवेळ जिनलच्या मागच्या चाकाकडे बघत होते. एवढ्या वर्षांनी सायकल चालवताना पडेन, कुणाला धडकेन, सायकलला ओरखडा आला तर काय सांगायचं, हेच डोक्यात. मासळीच्या धक्क्याकडे वळायच्या आधी एक सिग्नल लागला. लाल होता. बाकीचे तसेच निघून गेले. मी थांबले. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. दिवा काही बदलेना. आमची माणसं वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मी एक पाय फुटपाथला टेकवून उभीच. शेवटी हितेंद्र परत आला. "काय वं, बठ्ठा पुढे निंघी ग्यात!" मी दिव्याकडे बोट दाखवलं. त्यानं रस्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "आठे कुत्रं बी नही. तू कोनासाठे उभी शे?" तो चेष्टेनंच म्हणाला. मला मात्र तिथे रडू फुटलं. त्या बिचाऱ्याला काही कळेना. आपल्या बाटलीतलं पाणी देत तो म्हणाला, पाय दुखत असतील तर टेम्पो मागवतो.

आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. शाळेत घालताना आईनं बजावलं होतं की कागदावर खोटं लिहिलं तर शाळेतून नाव काढतात. तिनं कुठून ऐकलं होतं कोण जाणे. मी ते धरून बसले. आठवीत लांबून येणाऱ्या मुलींना सायकली मिळणार होत्या तेव्हा तुझ्या कागदावर तुझ्या वडिलांच्या वस्तीचा पत्ता होता, आणि तू राहत होतीस मामाकडे, शाळेपासून दोन गल्ल्यांवर. सायकल येईपर्यंतच ठेवीन, असं मंदाबाई मामी म्हणालेली, हे मला माहीत होतं. सरांनी वर्गप्रमुख म्हणून मला बाजूला घेऊन विचारलं, मोहिनी खरंच वस्तीवरून येते का? मी म्हटलं, नाही सर, मामाकडे राहते. तुझं नाव खोडलं गेलं. सायकल येणार नाही म्हटल्यावर मामीनं आठवड्यात तुला वस्तीवर धाडलं, शाळा सुटली, आणि पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं. शाळेच्या शिपायानंच चुगली केली असं धरून तू त्याला किती वर्षं शिव्या दिल्यास. मी शेजारी बसून ऐकत होते. तुझ्या हळदीलाही मी होते. मी तुला हळद लावत होते आणि तू मलाच समजावत होतीस, की शिंदखेडा काही लांब नाही.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते. यादी मी मुंबईला जायच्या आधीच, गुरुवारी पाठवली. हर्षालीचं नाव त्यात नाही. एसटी येत नाही त्याच गावांच्या मुलींना सायकल, असा यंदाचा नियम आहे. तुमच्या गावाची पाहणी मीच केली. हो, मी तुमच्या गावात आले होते, यादी पाठवायच्या आधीच्या सोमवारी. तुझ्या घराकडे न वळता थांब्यावरच्या निंबाखाली उभी राहिले. आज गाडी येऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होते. साडेबाराला आली. शाळा अकराची, ती गाडी हर्षालीच्या काहीच कामाची नाही. पण कागदावर 'एसटी येते का' एवढंच विचारलं आहे, वेळेला रकाना नाही. मी शेरा लिहिला असता, साहेबांना भेटले असते, निदान एक दिवस यादी अडवून धरली असती. यातलं काही केलं नाही. 'होय' लिहिलं, सही केली आणि तुला तोंड दाखवायला नको म्हणून त्याच गाडीनं परत निघाले. आता यादी पुन्हा उघडून नाव घालता येत नाही, मी विचारून पाहिलं. आबांना आणि हर्षालीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तेही तुलाच सांगावं लागणार. माझी वाट बघू नकोस, एवढं कळवायला लिहिलं.

तुझीच म्हणायला आता जीभ अडखळते, तरी तुझीच,
चारू