जावयाच्या माशांचा पाहुणचार

पिंप्राळा, जळगाव

तीर्थरूप सुकदेवनाना,

तुमच्या धाकट्या जगदीशचा शिंदखेड्याकडे तोंड करून साष्टांग नमस्कार. (गच्चीवर, भर उन्हात घातला आहे, तरी दुप्पट धरावा.) वहिनींची कंबर कशी आहे? तुमचा गुडघा जिना चढू देतो का? फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर बोललो की मंजुळा ऐकते, मंजुळाने ऐकलं की मेघाला कळतं, आणि लेकीला कळलं की जावयांना कळलंच. म्हणून हा कागद.

विषय माशांचा आहे. हसू नका. मेघा आणि भूषणराव नाशिकला राहायला गेले तेव्हा त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या हॉलमध्ये ठेवून गेले. तीत मिठाचं पाणी, समुद्रातले दगड, नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि काचेवरचं शेवाळ खायला म्हणून काही गोगलगायी. जळगावात समुद्र! आपल्या सात पिढ्यांनी तापीच्या पलीकडे पाणी पाहिलं नाही, आणि माझ्या सोफ्याशेजारी समुद्र. घर लागलं की अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, येऊन टाकी घेऊन जातो, असं जावई सांगून गेले. म्हणजे आखाजीपर्यंत जावयाची अमानत सांभाळायची, बोल लावून घ्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात.

आता जावयाचे मासे म्हणजे मानाचे पाहुणे. भूषणरावांनी दिवसातून एकदा चिमूटभर दाणे घालायला सांगितलं होतं. चिमूटभर! नाना, आपल्या घरात जावयाच्या ताटात कोणी चिमूटभर वाढलंय का कधी? आपल्याकडे पाहुणा ताटावर आडवे हात धरून 'बस्स' म्हणत नाही तोवर वाढणारा थांबत नाही, आणि मासा काही बस्स म्हणत नाही. सकाळी मी घालायचो, दुपारी मंजुळा, आणि जो येईल त्याला आम्ही चहाआधी माशांना भरवायला लावायचो. त्यातच उडदाच्या पापडांचे दिवस. कूलरसाठी गल्लीतल्या सगळ्या बायका पोळपाट घेऊन आमच्याच हॉलमध्ये. स्वतः एक लाटी तोंडात टाकली की दुसरी टाकीत. गोगलगायींना आयती लाटी मिळाल्यावर काच चाटायला कोण जातंय? त्या तळाशी सासुरवाडीला आल्यासारख्या पडून राहिल्या.

आधी काचेवर तपकिरी पूड बसली. मग हिरवी. मग दगडांना केस फुटले, नाना, चांगले लांबसडक, वेणी घालावी असे. (टाकी मी खिडकीत सरकवली होती, रस्त्यावरून दिसावी म्हणून. आपलं चैत्रातलं ऊन दिवसभर तिच्यावर. ही चूक माझी, मान्य.) पण मी घाबरणारा नव्हे. सारी नोकरी ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात गेली. नळ्यांतलं शेवाळ कसं जातं हे शेतकऱ्यांना मीच समजावत हिंडलो, मला शेवाळ कोण शिकवणार? म्हटलं, पाणी बदलू. शेजारच्या रतिलालभाऊंच्या केळीच्या मळ्यातून बोअरचं पाणी कॅन भरभरून आणलं, मीठ कालवलं, ओतलं. ज्या पाण्यावर केळीचे घड लोंबतात त्या पाण्यात केळीचं सगळं खत उतरलेलं असतं, हे मला मागाहून सुचलं. शेवाळाने नुसता जोर धरला. मासे दिसेनात. कुठेतरी नारंगी हललं की मंजुळा म्हणायची, आहेत, आहेत.

शेवटी मी हुकमी उपाय काढला. नळीत ॲसिड सोडलं की शेवाळ सुटतं. बाटली घेऊन टाकीपाशी गेलो, तर मंजुळा मधे येऊन उभी.

"पहिले माले पाजा, मंग त्यासले."

नाना, लग्नानंतर इतक्या वर्षांत ती माझ्या आड अशी कधी उभी राहिली नव्हती. मेघा गेल्यापासून ती दुपारची त्या माशांशी बोलत बसते. कोणाकडे बारसं झालं, भरिताची वांगी कशी मिळाली, सगळं त्यांना सांगते. मी पेपर वाचतोय असं दाखवून ऐकतो. घरात दुपारी बोलणं ऐकू येतं हे मला फार बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. मी बाटली संडासात नेऊन ठेवली.

तर अशी टाकीची दशा, आणि आखाजी दारात आली. जावयांना कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ, तुम्हीच सांगा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
जगदीश

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त मागच्या महिन्यातलं. मधे आम्ही शिरपूरला लग्नाला गेलो. किल्ली रतिलालभाऊंकडे दिली, टाकी तापू नये म्हणून कूलर चालू ठेवायला सांगितलं. माशांना खायला घालायचं सांगायचंच राहिलं, आणि उन्हापायी जाड पडदे मी ओढून गेलो होतो. परत आलो तर शेवाळ पांढरं पडून हाताने सुटत होतं आणि मासे ठणठणीत! गोगलगायीसुद्धा भुकेने कामाला लागल्या होत्या. आमचं घरात नसणं हाच उपाय निघाला. उरलेलं मी ओढून काढलं, फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून घातलं. आता काच अशी आहे की तीत बघून मी दाढी करतो.

ता. क. २ म्हणून विनंती अशी, की तुम्ही जावयांना फोन करून सांगा की टाकी फार खराब आहे, नाशिकपर्यंत तग धरणार नाही, आहे तिथेच राहू द्या. तुम्ही घरातले मोठे, तुमच्या तोंडी खोटंही वजनदार वाटतं. सोबत हिरव्या दिवसांतला फोटो जोडला आहे. मंजुळाला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. ३ नाना, नमस्कार. मी मंजुळा. हाई पत्र टपालमा टाकाले यास्नी मनाच हातमा दिधं. मी वाचं. तुम्हीन फोन करू नका. जवाईस्ना काल फोन वना व्हता. त्यासनी नाशिकले नवी टाकी लिधी, ती बी हिरवीगार व्हई गयी. आखाजीले टाकी लई जावाले नही, ती नवी बी आठे आपला घर ठेवाले ई राहिनात. आते घरमा दोन टाक्या.