दिवेलागणीच्या आत

अप्पा, इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले ते मायेनं न्हाई, आधीच सांगते. आईला वाळवंट दाखवायला न्यायचं ठरवायले. राजस्थानात वाळूच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं एक दिवस. आणि त्या एका दिवसाच्या आखणीत तुम्ही पावलोपावली आडवे यायलात, मेल्यावरसुद्धा.

खताच्या दुकानातनं आलेलं ते कॅलेंडर आठवतंय? आईनं चुलीमागच्या भिंतीला लावलेलं, वर वाळूच्या टेकड्या आणि मावळता सूर्य. वर्ष सरलं तरी तिनं ते काढलं न्हाई, भाकरी थापता थापता त्याच्याकडं बघायची. एकदा तुम्हाला वाढताना म्हणाली, "असलं एकदा बघावंसं वाटतंय." तुम्ही हसलात. "वाळू बघायला कामून जायाचं? नाल्यात काय कमी हाय?" पुन्हा तिनं तो विषय काढला न्हाई.

आणि ती संध्याकाळ. निर्ण्याहून, मामाकडनं परत येताना हुमनाबादला बस बंद पडली. आपल्या गावी, राजेश्वरला पोचलो तोवर घरोघरी दिवे लागले होते आणि तुम्ही आतनं कडी घातली होती. "दिवे लागायच्या आत येणारीचं घर हाय हे," दाराआडनं तुमचा आवाज. आम्ही मायलेकी कट्ट्यावर बसलो. शेजारची अक्का बघून गेली, तिचा नवरा बघून गेला. मनात आलं तेव्हा तुम्ही कडी काढलीत. आई आत गेली आणि आधी देवापुढं दिवा लावला. त्या दिवसापासून तिनं एकही संध्याकाळ घराबाहेर काढलेली न्हाई. तुम्हाला जाऊन जमाना झाला, तरी ऊन कललं की ती असेल तिथनं उठती आणि घर गाठती. शाब्बास अप्पा! काय धाक बसवलात!

गेल्या आठवड्यात त्याच स्वयंपाकघरात बसून मी तिला सगळं समजावून सांगायले, तर ती विचारती, "सकाळच्या बसनं गेलं तर दिवे लागायच्या आत येणं होतंय व्हय गं?" हसावं का रडावं मला कळेना. म्हटलं, आई, नुसतं जायलाच दोन दिवस लागतात रेल्वेनं. सकाळी उतरायचं, जीपनं उद्यानात जायचं, माळढोक दिसला तर दिसला, मग सूर्य बुडेपर्यंत टेकडीवर बसायचं आणि रात्रीची गाडी धरायची. ती मग उठली आणि निरांजन, वाती, तेलाची बाटली, काडेपेटी पिशवीत भरायला लागली. "तिथंच लावते दिवा. मग तर झालं?" हे ती मला विचारत नव्हती, अप्पा. आणि मलाच तिला सांगावं लागलं, की रेल्वेत चालत न्हाई, आणि उद्यानातबी काडी ओढू देत न्हाईत.

मला वाटलं, संपलं. आता म्हणंल, नको बाई, राहू दे. तिनं पिशवी रिकामी केली, निरांजन देवळीत ठेवलं, हात पदराला पुसले. "बसंल घर अंधारात दोन-चार दिस. मी न्हाई का बसले कट्ट्यावर?"

हे वाचायला तुम्ही न्हाईत, म्हणून तर एवढं लिहिता आलं. तुमच्या तोंडावर एक शब्द निघाला नसता. आणि ती असं बोलली तेव्हा मी तिला मिठी मारायला पाहिजे होती. पण खरं सांगते, मी आधी दाराकडं बघितलं.