हँडल जरा जवळ हवे

१४ एप्रिल

मोटरसायकलचे हँडल कोणत्या पुरुषाच्या मापाने बेततात, हे एकदा त्या पुरुषाला समोर बसवून विचारले पाहिजे. त्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचत असणार. आजानुबाहू. असे पुरुष पुराणांत आढळतात, मिनेसोटात फारसे आढळत नाहीत.

बर्फ गेल्यावरची पहिली फेरी आज झाली. गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापर्यंत गेलो आणि परत आलो. तेवढ्यात डावा हात मनगटापासून पुढे झोपला. बोटे जागेवर आहेत की नाहीत, हे हातमोजा काढून पाहावे लागले. होती. सगळी.

निदान: हँडल लांब आहे. दोष सर्वस्वी गाडीचा.

हे प्रकरण मनाला लावून घेण्याचे कारण आहे. मे महिन्यात चर्चच्या मोटरसायकल क्लबाची सहल असते. पास्टर रेनी गाड्यांना आशीर्वाद देते आणि मग सगळी रांग तळ्याकाठी तळलेला मासा खायला जाते. यंदा रांगेच्या पुढे राहण्याचा मान माझा! पुढच्याने डाव्या हाताने खुणा करायच्या आणि मागच्यांनी त्या मुकाट पाळायच्या. कॉलेजात इतकी वर्षे संस्कृत शिकवून एकाही वर्गाला मुकाट काही पाळायला लावू शकलो नाही. ही संधी हँडलपायी घालवणार नाही.

संकल्प: सहलीपूर्वी बैठक शास्त्रशुद्ध करणे.

१६ एप्रिल

ड्युएन येऊन गेला. शेजारी. जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. त्याचे गॅरेज आमच्या दिवाणखान्यापेक्षा उबदार आहे. क्लबाच्या पुढे गेल्या वर्षापर्यंत तोच असायचा. त्याने मला उच्चैःश्रव्यावर बसवले (हे माझ्या गाडीचे नाव. इंद्राचा घोडा. ड्युएन तिला 'उची' म्हणतो, आणि अर्थ सांगितल्यापासून अधिकच प्रेमाने म्हणतो) आणि बाजूने बराच वेळ न्याहाळले.

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे बसतोस तू असा."

मग हात एरवीही झोपतो का, असे विचारले. मी नाही म्हणालो. स्वयंपाकघराच्या दारातून मार्लीस म्हणाली की डॉक्टरला दाखव. मी म्हणालो, डॉक्टर हँडल बसवत नाहीत. बायकोला तर्कशास्त्राने गप्प करण्याचा आनंद लग्नात फार वेळा मिळत नाही. आजही मिळाला नाही. ती माझ्या उत्तराआधीच आत गेली होती.

सकाळी कॉफीचा कप फुटला. मार्लीसने आणलेल्या नव्या कपांचे कान फारच नाजूक आहेत. एवढेच बोललो, पुढे नाही. संसार आहे.

२१ एप्रिल, दुपार

ठोकळे आले. हँडलाच्या बुडाशी बसवले की हँडल वर येते आणि मागेही येते. ड्युएनने पाना फिरवला, मी सिद्धांत सांगितला. आता पाठ ताठ, कोपर सैल, चेहरा प्रसन्न. उन्नतो दण्डः, प्रसन्ना कटिः. (सूत्र माझेच.) गॅरेजातच बसून राहिलो. हलावेसेच वाटेना.

एक गोष्ट झाली. दोन्ही आरशांत आता माझे कोपर दिसतात. दुसरे काही नाही. पण पुढाऱ्याने मागे बघायचेच कशाला? कोपर छान दिसतात.

मार्लीस म्हणाली, "पेपर वाचत बसल्यासारखा दिसतोस."

त्याच दिवशी, संध्याकाळी

चर्चच्या कोपऱ्यावर हँडल पूर्ण डावीकडे वळवले आणि ॲक्सिलरेटर न पिळता उच्चैःश्रवा खिंकाळला. हँडल वर गेले, ॲक्सिलरेटरची तार होती तेवढीच राहिली, वळताना तीच ताणली गेली. पास्टर रेनी ट्यूलिपच्या वाफ्यात गुडघे टेकून बसली होती. मी तिच्या हिरवळीवरून, तिच्याच दिशेने, बऱ्यापैकी वेगाने गेलो. तिने हात हलवला. मला बघून तिला आनंद झाला असावा.

ड्युएनला हे सांगितले. तो म्हणाला, तार आखूड पडेलसं वाटलं होतं खरं. मी विचारले, मग बोलला का नाहीस?

"तू खूश होतास रे."

या प्रांतातल्या माणसांचा हा स्वभाव. समोरच्याचा आनंद मोडण्यापेक्षा त्याचे हाड मोडलेले बरे.

२६ एप्रिल

लांब तार बसवली. रस्त्यावर सगळे निर्दोष. हात मात्र झोपलाच.

परतताना समोरून एक मोटरसायकलवाला आला. आम्हां लोकांचा रिवाज: डावा हात खाली सोडून दोन बोटे दाखवायची, म्हणजे रामराम झाला. मीही दाखवली. दोन की चार की नुसती मूठ, हे बोटांनी मला कळवले नाही. तो माणूस वळून वळून बघत राहिला. शेवटी त्याची गाडी शेताच्या बांधाला लागली.

नवे निदान: हँडल निर्दोष, सीट दोषी. सीटचा उतार पुढे आहे, म्हणून देहाचा भार हातांवर येतो. आधी कसे सुचले नाही?

२९ एप्रिल

सीटवर जेलची गादी, तिच्यावर मेंढीचे कातडे. सिंहासन म्हणवत नाही, मेंढासन म्हणावे. मार्लीसने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, हिच्यावर तू बसणार की ही तुझ्यावर? तिची स्वतःची गाडी कारखान्यातून आली तशीच आहे. तिने आजवर एकही स्क्रू फिरवलेला नाही. जिज्ञासा नाही.

पाय थोडे कमी पडतात. टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात. नर्तकांचेही तसेच असते.

२ मे

ग्रंथालयासमोर 'थांबा' अशी पाटी आहे. थांबलो. जमीन अपेक्षेपेक्षा बरीच खाली निघाली.

पडलो असे म्हणता येणार नाही. दमलेली म्हैस बसते तसे आम्ही दोघे सावकाश बसलो. ग्रंथपाल बाई धावत आल्या, पोस्टातला माणूस आला, सगळ्यांनी मिळून उचलले. होतं असं कधी कधी, म्हणाल्या बाई. पोस्टातला म्हणाला, कातडं छान आहे. कोणी हसले नाही. मी येथे इतकी वर्षे राहिलो आहे. मला ठाऊक आहे की त्यांचे हसणे रविवारी चर्चच्या जेवणात, हॉटडिश नावाच्या इथल्या भाजलेल्या खिचडीच्या पातेल्याभोवती, मी पाणी प्यायला गेलो की होईल.

वर्गात खडू हातातून सुटला. मग पुन्हा. हल्लीचे खडू गुळगुळीत येतात. डावखुरेपणा मला बाबांकडून आला. तेही संस्कृतच शिकवत, आणि शेवटी शेवटी फळा सोडून सगळे तोंडीच शिकवू लागले. गाव म्हणे, वा, मास्तरांनी जुनी मौखिक परंपरा जिवंत ठेवली. मीही तसेच करावे म्हणतो.

६ मे

जमीन वर आणता येत नाही, म्हणून गाडी खाली आणली. ड्युएनने मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले. दोन्ही तळपाय सपाट टेकले! आता उच्चैःश्रव्यावर मी असा बसतो की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, मी उभाच आहे.

ड्युएन मागे सरकून बघत म्हणाला, "वेगळीच झाली आहे."

मार्लीसच्या मते इथे कोणी 'वेगळं' म्हटले की त्याला ते अजिबात आवडलेले नसते. ती इथलीच आहे, पण दृष्टी संकुचित. ड्युएन हळवा झाला होता.

७ मे

गाडी खाली आली, साइड स्टँड तेवढाच राहिला. परिणामी उच्चैःश्रवा स्टँडवर कलायच्या ऐवजी पहारेकऱ्यासारखा ताठ उभा राहिला. मी गॅरेजचे दार उघडले. वारा आला. तो दुसऱ्या बाजूला पडला.

दुसऱ्या बाजूला मार्लीसची गाडी होती.

मार्लीस बाहेर आली, दोन्ही गाड्यांकडे बघितले आणि "अच्छा" म्हणाली. रात्री जेवणात उकडलेले बटाटे.

ड्युएनने स्टँड कापून आखूड केला. तिच्या गाडीचा आरसाही त्याने न सांगता बदलला.

१२ मे

क्लच इतका हलका करून घेतला आहे की फुंकर मारली तरी दबेल. ड्युएनने विचारले, इतका हलका कशाला? मी म्हणालो, सौकुमार्य. त्याने माझ्या हाताकडे पाहिले. मी हात खिशात घातला.

सकाळी बाहीचे बटण मार्लीसने लावून दिले. नव्या शर्टांची काजे लहान असतात.

बैठक मात्र आता परिपूर्ण आहे. यापुढे सुधारणेला जागा नाही, हे मी शास्त्र जाणणारा म्हणून लिहितो.

१८ मे, सकाळ

आज!

ऊन स्वच्छ, लायलॅक फुलला आहे. पास्टर रेनीने त्याचीच फांदी बादलीत बुडवून गाड्यांवर पाणी शिंपडले. माझ्या गाडीपाशी जरा थांबली, मग आणखी एकदा बुडवून शिंपडले. विशेष कृपा.

निघण्यापूर्वी मी सर्वांना खुणांवर व्याख्यान दिले. हात खाली करून झटकला, म्हणजे वेग कमी करा. टाकीवर थापट्या मारल्या, म्हणजे पेट्रोल संपत आले, पुढच्या पंपावर वळा. ड्युएन म्हणाला, प्रोफेसर, या खुणा आम्हीच तुला शिकवल्या. पण सगळ्यांनी नीट ऐकून घेतले. किती आज्ञाधारक लोक!

संध्याकाळी

घडले ते असे.

पुलाच्या आधीच हात झोपला. मी तो खाली सोडून झटकला. जागा होईना, म्हणून टाकीवर आपटला. दोन-तीनदा. जोरात. आरशांत पाहिले. कोपर स्थिर होते. मागे शांतता होती, आणि मला वाटले, काय ही शिस्त. नदीकाठचा सगळा रस्ता मी अत्यंत आनंदात काढला. पाठ केलेले जुने सारे श्लोक आठवत होते. वळणांवर मी रांगेसाठी खुणा करत गेलो. एकही चुकवली नाही.

तळ्याकाठी खानावळीत शिरलो आणि मोठे टेबल जोडायला सांगितले. मुलीने खिडकीतून बाहेर पाहिले. बाकीचे कुठं आहेत म्हणाली. मी ऐटीत मागे बोट दाखवले. मागे रस्ता होता.

एकच गाडी आली. मार्लीसची.

तिच्याकडून कळले: मी हात झटकला तेव्हा सगळ्यांनी वेग कमी केला. टाकीवर मारले तेव्हा सगळे ओळीने पंपावर वळले आणि माझी वाट बघत उभे राहिले. पुढाऱ्यानेच वळायला सांगितले, तेव्हा तो येईलच परत, असे ड्युएनचे मत पडले. कोणी मला फोन केला नाही, कारण मी खूश असेन. पंपावरची कॉफी पीत ते अजून तिथेच होते.

मला फार हसू आले. मार्लीसलाही आले. टेबलावर डोके टेकून हसलो आम्ही. मुलगी पाणी ठेवून गेली. मी ग्लास उचलला आणि तो माझ्या हातातून पडला.

मार्लीसने हातरुमालाने टेबल पुसले. सावकाश पुसले. मग म्हणाली, "मुकुंद, या ग्लासाला तर कान नव्हता."

मी म्हणालो, पहिल्या फेरीत हात जरा अवघडला, तेव्हापासून.

"मी कप मोजलेत," ती म्हणाली. "खरं सांग."

मासा आला. तिने माझा तुकडा कापून दिला. मी कापू दिला. बाहेर एकामागून एक गाड्या आल्या, आणि आत शिरताना ड्युएन म्हणाला, छान नेलंस हं.

१९ मे

हात फेब्रुवारीपासून बधिर आहे. तेव्हा गाडी ताडपत्रीखाली होती आणि तिच्यावर हातभर बर्फ होते. हँडल जिथे होते तिथे बरोबर होते. सीटही.

बाबांनी फळा सोडला तो परंपरेसाठी नव्हे. त्यांचेही डाव्या हातापासूनच सुरू झाले होते. पुढे पाय गेले, मग आवाज.

मार्लीसने डॉक्टरची गुरुवारची वेळ घेतली आहे. मी तिला बाबांचे सांगितले नव्हते, आज सांगितले. हे डाव्या हाताने लिहायला बसलो होतो, उजव्याने लिहीत आहे. अक्षर वाईट येते.

मला भीती वाटते.