तिची पहिली सुई

धरणगाव, मंगळवार, संध्याकाळ

मीनलचा फोन आज उचलणारच नव्हतो. दातांच्या शिबिरासाठी नेपाळला गेली, आणि मला न विचारता मुक्काम वाढवला! 'संपलं आपलं' असा निरोप लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी. तरी उचललाच. का उचलला?

म्हणाली, "एक आजी सुईला घाबरून तोंडच उघडेना. मग मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, माझी पहिली सुई एका भांडखोर मुलाने घेतली. हूं की चूं केलं नाही त्याने."

तो मीच. जळगावच्या कॉलेजात आम्ही एकमेकांच्याच हिरड्यांवर सुई द्यायला शिकलो. तिची सुई चुकू नये, म्हणून मी हललो नाही. खालचा ओठ दुपारभर बधिर, चहा सगळा शर्टावर. पुढे मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, पण तो ओठ...

"आजीने विचारलं, कुठाय तो? म्हटलं, घरी रुसून बसलाय. ती खुदकन हसली, तेवढ्यात सुई देऊन टाकली!"

आता यावर काय भांडणार? "सावकाश ये," म्हटलं. निरोप पुसला. ओठावर बोट ठेवून बसलो, तर माय विचारते, "काय व्हयनं रे भाऊ, दात दुखस का?"

"नई माय. ओठ अजून बधिर शे."