वरची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ, रामदासपेठ

आज प्रयोगशाळेत जेलच्या पातळ थरावर पुन्हा तीच वरची पट्टी! या थरात लांब रेणू वरच अडकतात, आखूड खाली सरकतात. म्हणजे गरमीत ठेवलेल्या धानाच्या रोपांत जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, न कापलेला, लांबच राहिलाय. स्प्लायसिंगच्या प्रथिनांचं काम सोपं: निरोपातला मधला तुकडा कापायचा, टोकं जोडायची. मग उकाड्यात ती झोपतात की काय? की माझाच हात खराब? तीनदा करून पाहिलं.

घरी आले तर आई शेजारच्या चिमुरडीचा फ्रॉक शिवत होती. म्हणाली, "तोंड काहून पाडून आली वं?" सगळं सांगितलं. तिनं फ्रॉक उलटा करून शिलाईत दाबलेलं कापड दाखवलं. "हे मी मुद्दाम नाही कापलं. पोरगी वाढली का उसवून मोठा करीन. तुह्या धानानंबी तुकडा राखून ठेवला असन."

मी हसले, आणि एकदम थांबले. तुकडा मुद्दाम राखला असेल, तर गारवा आल्यावर कापतही असतील; पण गरमीतून काढलेली रोपं पुन्हा गारव्यात ठेवून मी कधी पाहिलीच नाहीत! सगळी सरळ खलबत्त्यात, आरएनए काढायला कुटून. शहाणीच मी!

उद्या अर्धी रोपं गारव्यात. निरोपातला तुकडा तेव्हा कापला जाऊन वरची पट्टी गेली, तर धावत येऊन आईला सांगू? कशाला? तिला आजच माहीत आहे.